अस्सल, नक्कल आणि साक्ष

उत्साही : ज्या घरांत साधारणपणे 1960 ते 1990 या काळात कोणा एकाने कॅमेऱ्याचा शौक निष्ठेने बाळगला, त्या घरांच्या माळ्यावर किंवा लोखंडी कपाटाच्या तळाशी आज असा ऐवज पडून आहे की, ज्याची मालकी सर्व वारसांची आणि ज्याचा उपभोग मात्र कोणाचाच नाही. स्लाइडची गोष्ट कागदावरील छायाचित्राहून वेगळी आहे. कागद फाटला, भिजला, हरवला, तरी निगेटिव्हवरून दुसरा काढता येतो. स्लाइडला निगेटिव्ह नसतेच. राजगडाच्या बालेकिल्ल्यावर जी फिल्म कॅमेऱ्यात होती, ज्या तुकड्यावर त्या दिवसाचा उजेड पडला, तोच तुकडा रासायनिक संस्कार होऊन, दोन इंची चौकोनी चौकटीत बसून आपल्या हाती आलेला असतो. त्याची दुसरी प्रत जगात नाही. आणि तो पाहण्याची साधने तर एकेक करून अस्तंगत झाली. कोडॅकने आपल्या कॅरूसेल प्रोजेक्टरचे उत्पादन 2004 मध्ये थांबविले, 2009 मध्ये कोडॅक्रोम फिल्म बंद केली. घरातल्या जुन्या प्रोजेक्टरचा दिवा एकदा गेला की तो मिळविताना जुन्या बाजाराच्या फेऱ्या नशिबी येतात. अशा स्थितीत, फिल्मची सोय असलेला एखादा सपाट काचेचा स्कॅनर, किंवा मॅक्रो भिंग लावलेला कॅमेरा आणि खालून एकसारखा उजेड देणारा दिवा, एवढ्या सामग्रीवर घरच्या घरी या ऐवजाची डिजिटल नक्कल करून घेता येत असताना ती न करणे म्हणजे वारसाहक्काने आलेली मालमत्ता जाणूनबुजून कुजू देणे होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

साशंक : आपला पहिला मुद्दा मला मान्य आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र नाही. वस्तू एकमेव आहे म्हणून तिची नक्कल करावी, हे ठीक. परंतु नक्कल केली म्हणजे वस्तू राखली, ही जी समजूत आपल्या बोलण्याच्या पोटात दडलेली आहे, तिची आधी तपासणी व्हावी. अस्सल आणि नक्कल यांत दीर्घायुषी कोण? अंधारात आणि कोरड्या हवेत ठेवलेल्या कोडॅक्रोमचे रंग अर्धे शतक उलटल्यावरही टवटवीत आढळतात. घरातली हार्ड डिस्क पाच-सहा वर्षे बिनतक्रार चालली तर आपण समाधान मानतो. 1986 मध्ये, इंग्लंडच्या प्राचीन डूम्सडे जमीन-नोंदवहीला नऊशे वर्षे पूर्ण झाली त्या निमित्ताने, बीबीसीने साऱ्या ब्रिटनची माहिती आणि छायाचित्रे लेसर-तबकड्यांवर साठविली. पंधराएक वर्षांतच त्या तबकड्या वाचणारी यंत्रे दुर्मीळ झाली, आणि 1086 सालची चर्मपत्रे मात्र ज्याला लिपी येते त्याला आजही वाचता येतात. याहून जवळचा दाखला हवा असेल तर 1992 मध्ये खुद्द कोडॅकनेच बाजारात आणलेल्या फोटो सीडीचा घ्या. पदरचे पैसे मोजून ज्यांनी तेव्हा आपल्या स्लाइड त्या चकत्यांवर उतरवून घेतल्या, त्यांना आज त्या फाइली उघडणारे सॉफ्टवेअर शोधत हिंडावे लागते. ज्यांनी काहीच केले नाही, त्यांची स्लाइड खिडकीशी धरली की दिसते. तिला वीज नको, परवलीचा शब्द नको, कोणत्या कंपनीची मेहेरबानीही नको. मग आपण दीर्घायुषी वस्तूची अल्पायुषी नक्कल करून वर तिला जतन म्हणावयाचे, हा कोणता न्याय?

उत्साही : आपण साक्षीदार निवडून आणलात, आणि तो उत्तम निवडलात. कोडॅक्रोमचे अंधारातील आयुष्य दीर्घ आहे खरे. पण आपल्याकडच्या पेट्यांत सगळ्याच स्लाइड कोडॅक्रोमच्या थोड्याच आहेत? परकीय चलनाच्या टंचाईच्या त्या काळात रुपयातल्या व्यापारामुळे पूर्व जर्मनीची ऑर्वो फिल्म आपल्या बाजारात सहज मिळे आणि हौशी माणसाच्या ऐपतीत बसे. या व अशा अनेक जुन्या फिल्मांतील निळसर-हिरवे रंगद्रव्य इतरांच्या आधी क्षीण होते आणि पेटी कधीही न उघडता चित्र आतल्या आत तांबडे होत जाते. शिवाय अंधार आणि कोरडी हवा ही अट आपण किती सहज घातलीत! चित्र ज्या थरावर असते तो थर जिलेटिनचा, म्हणजे बुरशीचे अन्नच. हवेतील आर्द्रता 60-65 टक्क्यांच्या वर राहू लागली की बुरशी धरते, आणि मुंबई-कोकणात पावसाळ्याचे चार महिने याहून वेगळी हवा कोणी पाहिली आहे? दोन काचांत बंद केलेल्या स्लाइडमध्ये तर ओल आत कोंडली जाते. फिल्मच्या पाठीचे ॲसिटेट उष्णतेने आणि ओलीने विघटित होऊ लागले, तर पेटी उघडताच व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, आणि मग परतीचा मार्ग राहत नाही. आता उरला कोडॅक्रोम. तो अंधारात चिरंजीव, पण प्रोजेक्टरच्या दिव्यासमोर इतर कित्येक फिल्मांपेक्षा लवकर फिका पडणारा. म्हणजे जो अस्सल दस्तऐवज आपण पाहावा म्हणता, तो प्रत्येक पाहण्याने झिजतो. नक्कल पाहिल्याने अस्सलाला विश्रांती मिळते, हा तिचा पहिला उपकार. फोटो सीडीचा अपराध असा की, तिच्या फाइलीची घडण एका कंपनीची खाजगी बाब होती. टिफ आणि जेपेग या घडणी जाहीर आहेत आणि असंख्य प्रोग्राम त्या वाचतात. डिस्क मरते हे गृहीत धरूनच तीन प्रती, दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक परगावी, असा शिरस्ता पडला आहे. नकलेची नक्कल पहिलीइतकीच शुद्ध निघते, हे भाग्य रंगद्रव्यांच्या वाट्याला कधी आले नाही.

साशंक : शिरस्ता उत्तम आहे, तो पिढ्यान्‌पिढ्या चालविणारा कारकून कोठून आणावयाचा, एवढाच प्रश्न. दुर्लक्ष सोसण्याची जी शक्ती कपाटातल्या पेटीत आहे, ती आपल्या डिस्कमध्ये नाही. परंतु तो वाद बाजूला ठेवू आणि नक्कल निघते तरी कशाची, हे पाहू. 24 मिलिमीटर उंच आणि 36 मिलिमीटर रुंद एवढ्याशा तुकड्यात स्लाइड प्रकाशाचा आणि छायेचा केवढा पल्ला साठविते! अंधाऱ्या खोलीत ती भिंतीवर पडते तेव्हा देवळाच्या सभामंडपातला काळोखही आपल्याला थरांनी दिसतो. घरगुती सपाट स्कॅनर त्या काळोखात शिरत नाही. तो तेथे करडा गाळ दाखवितो. जाहिरातीत इंचाला 6400 बिंदू लिहिलेले असले तरी त्या जातीच्या यंत्रातून प्रत्यक्ष तपशील त्याच्या निम्म्यानेही हाती लागत नाही. धूळ आपोआप काढण्याची अवरक्त किरणांची युक्ती कोडॅक्रोमवर अनेकदा फसते, चित्रातल्या रेषांनाच कचरा समजून पुसू लागते. आणि चांदीच्या कणांची कृष्णधवल फिल्म असेल तर ही युक्ती मुळी चालतच नाही. याही पलीकडचा धोका रंगांचा आहे. यंत्राला संध्याकाळ कळत नाही. दिवेलागणीचा पिवळा उजेड हा त्याला दोष वाटतो आणि तो 'दुरुस्त' करून ते आपल्या हाती दुपार ठेवते. आता तर अंधुक चेहऱ्याला अनुमानाने डोळे आणि पापण्या बसवून देणारी सॉफ्टवेअर निघाली आहेत. आजीच्या मूळ चित्रात जे नव्हते, ते तिच्या नातवंडांना तिचे म्हणून दाखविणे, याला जतन म्हणावे की बनावट दस्तऐवज, हे आपणच सांगा.

उत्साही : बनावट म्हणावे, आणि निःशंकपणे म्हणावे. मात्र सपाट स्कॅनरच्या उणिवांचा बोजा साऱ्या उद्योगावर लादू नये. मॅक्रो भिंगाचा कॅमेरा स्टँडवर बसवून, फिल्मची पातळी आणि भिंगाची पातळी तंतोतंत समांतर करून, रंग यथातथ्य दाखविणाऱ्या दिव्यावर स्लाइड ठेवून कच्च्या स्वरूपात टिपली, आणि अगदी गडद असेल तेथे कमी-अधिक उजेडाची दोन-तीन चित्रे घेतली, तर सभामंडपातले थर पुष्कळसे परत येतात. इंचाला 4000 बिंदू खरोखर मिळाले तर एका स्लाइडचे सुमारे दोन कोटी दहा लाख बिंदू होतात. सोळा बिटांच्या टिफ फाइलीत ते साधारण 128 मेगाबाइट जागा घेतात, म्हणजे हजार स्लाइडना जवळजवळ 128 गिगाबाइट, आणि एवढी जागा आज खिशात मावते. राहिला रंगांचा प्रश्न. येथे आपल्या पुण्यातच एक आदर्श घडलेला आहे. भांडारकर संस्थेने 1919 मध्ये हाती घेऊन 1966 मध्ये पुरी केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती पाहा. सुकथनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जी संहिता सिद्ध केली ती वर छापली, आणि निरनिराळ्या हस्तलिखितांतले पाठभेद त्याच पानावर खाली नोंदविले, जेणेकरून संपादकाचा निर्णय ज्याला पटणार नाही त्याच्या हाती त्याविरुद्धचा पुरावा राहावा. तसेच येथे करावे. जशी दिसली तशी उतरलेली, धुळीसकट, तांबूसपणासकट असलेली एक फाइल निराळी ठेवावी आणि तिला कधीही हात लावू नये; रंग सावरलेली दुसरी प्रत वेगळ्या नावाने करावी. आणि एक उलट प्रश्न विचारू का? आपण ज्याला अस्सल म्हणता त्याचे रंग तरी निसर्गाचे कोठे होते? कोडॅक्रोमच्या तांबड्याला स्वतःचा बाणा होता. रघुवीर सिंह यांच्यासारख्या छायाचित्रकाराने भारताचे रंग त्याच फिल्मवर टिपले, म्हणून ते आपल्याला तसे आठवतात. स्लाइडदेखील पाहिलेल्याचे एक संपादनच आहे.

साशंक : ते संपादन ज्याने शटर दाबले त्याने, फिल्म निवडताना, स्वतः पत्करलेले होते; आपले संपादन त्याच्या पश्चात, त्याला न विचारता होते, एवढा भेद मी धरतो. पण आपण पाठभेदांचा विषय काढलात, म्हणून निवडीकडे वळतो. प्रोजेक्टरच्या गोल तबकात 80 स्लाइड बसत. तेवढ्यातच बसवावयाचे म्हणून दाखविणारा गाळी, क्रम लावी, हिमालयाचे चौदावे शिखर वगळी, आणि मग एका रात्री दिवे मालवून, साऱ्या कुटुंबाची तोंडे एका भिंतीकडे करून, बोलत बोलत दाखवी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कल्याणच्या पटवर्धनांनी हाताने रंगविलेल्या काचांच्या चित्रांतून 'शांबरिक खरोलिका' गावोगाव दाखविली, तीतही चित्राबरोबर निवेदन आणि संगीत असे. सुट्या काचेत तो खेळ नव्हता, तो क्रमात, आवाजात आणि एकत्र बसण्यात होता. आपण दोन हजार फाइली कराल. त्या कोण, केव्हा, कोणाबरोबर पाहील? माळ्यावरचा ढिगारा डिस्कवर आला, एवढेच होईल. आणि पाहिल्याच, तर प्रत्येक जण आपापल्या फोनवर, अंगठ्याने सरकवीत, एकटा पाहील. त्यातून एखादे चित्र कोणी नातेवाइकांच्या गटावर धाडील, तेथून ते भलतीकडे जाईल. नदीवर पोहणारी काकू एका घराच्या एका भिंतीपुरती कॅमेऱ्यासमोर उभी राहिली होती. उभ्या जगासमोर उभी राहण्याची संमती तिने दिलेली नव्हती.

उत्साही : काकूच्या संमतीचा मुद्दा मी मुकाट्याने घेतो; त्यावर माझ्यापाशी उत्तर नाही, संयम तेवढा आहे. निवडीविषयी मात्र हरकत नोंदवितो. रियासतकार सरदेसायांनी पेशवे दफ्तराच्या हजारो रुमालांतून, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांतून, निवडक कागद काढून 1930 ते 1934 या काळात 45 भाग छापून घेतले. ती निवड थोर होती, पण ती एका काळाच्या जिज्ञासेची होती. पुढे ज्यांना राजकारणापेक्षा शेतसारा, धान्याचे भाव, जातिपंचायतीचे निवाडे हवे होते, ते पुन्हा रुमालांकडेच गेले. आणि रुमाल शाबूत होते म्हणून जाऊ शकले. शौकिनाने तबकातून वगळलेली स्लाइड कोणती असते? जिच्यात मुलगा हलला, पण मागे मुंबईची ट्राम स्पष्ट आली. ती ट्राम 1964 च्या मार्चअखेर कायमची थांबली. जिच्यात आत्याचा चेहरा सावलीत गेला, पण मागे मुठेकाठचे वाडे आले. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्यात पूर घुसला, त्याच्या आधीचे हे चित्र आहे की नंतरचे, एवढ्यानेच त्याचे मोल पालटते. छायाचित्र जुने होऊ लागले की पार्श्वभूमी पुढे येते आणि पुढचा मनुष्य मागे सरतो. म्हणून नक्कल सगळ्यांची करावी. निवड दाखविण्यासाठी करावी, राखण्यासाठी नव्हे. भिंत तर आजही आहे. डिजिटल प्रोजेक्टर आणून त्याच 80 चित्रांची बैठक भरविण्यास कोणाची मनाई आहे?

साशंक : आधीचे की नंतरचे, असे आपण म्हणालात. ते ठरविणार कशावरून? माझ्या साऱ्या शंकांचे मूळ येथे आहे. फाइलीवर तारीख उमटते ती नक्कल केल्याची; 1961 सालचे चित्र यंत्राच्या दफ्तरी कालचे होते. खरी तारीख असलीच तर चौकटीवर असते. कोडॅकच्या कित्येक पुठ्ठ्याच्या चौकटींवर फिल्म धुतल्याचा महिना आणि वर्ष छापलेले आढळते, शेजारी शाईने 'वेरूळ, बापूंसह' असे काही लिहिलेले असते, कोपऱ्यात तबकातला अनुक्रमांक असतो. आपले यंत्र चित्राच्या कडेशी काटेकोर कातर लावते आणि हा सारा मजकूर बाहेर टाकते. दस्तऐवजाची नक्कल करावी आणि त्यावरची मोहोर, तारीख नि दस्तखत वगळावे, असे कोणत्याही कचेरीत चालले असते काय? आणि चौकटीवर ज्यांनी काहीच लिहिले नाही, त्यांचे काय? तिसऱ्या रांगेत डोक्यावर पदर घेतलेली बाई कोण, हे सांगणारी एकच व्यक्ती उरलेली असते. ती ऐंशीच्या पुढे गेलेली असते, आणि आपण भिंगांची तुलना करण्यात, दिव्याचा गुणांक तपासण्यात, फाइलीला नाव कसे द्यावे या वादात वर्ष घालविता. रंग आणखी दहा वर्षांनी थोडा अधिक उडेल. साक्षीदार दहा वर्षे थांबणार नाही. नाव गेलेले चित्र कितीही सुस्पष्ट असो, ते बेवारस आहे.

उत्साही : हा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो, आणि तरी तो नकलेच्या विरुद्ध जात नाही असे मी म्हणेन. त्या ऐंशीच्या बाईंच्या हाती आपण स्लाइड दिलीत, तर मोतीबिंदू उतरवून घेतलेल्या डोळ्यांना त्या टिचभर तुकड्यात काय दिसणार? टॅब्लेटवर तेच चित्र बोटांनी मोठे करून चेहरा समोर धरला की त्या नाव सांगतात, नावापाठोपाठ लग्न, लग्नापाठोपाठ भांडण, भांडणापाठोपाठ गाव सांगतात. ते सारे फोनवर ध्वनिमुद्रित करता येते. ज्या चुलत भावंडांनी न्यू जर्सीत बिऱ्हाड केले त्यांना तेच चित्र त्याच रात्री धाडता येते, आणि आपल्याला न ओळखलेली व्यक्ती त्यांच्या आईची मैत्रीण निघते. साक्ष घेण्याचे साधन म्हणून तरी नक्कल हवीच. आपल्या बोलण्याने बदलतो तो अनुक्रम. मी आजवर असे मानीत आलो की, आधी उत्तम नक्कल, मग सवडीने माहिती. आता म्हणतो की, आधी दिव्यावर चार-चार स्लाइड मांडून साध्या फोनने, चौकटीसकट, कामचलाऊ चित्रे घ्यावीत; ती घेऊन वडीलधाऱ्यांकडे बसावे; नाव, स्थळ, साल, आणि 'बहुधा' असेल तर बहुधा, हे वहीत आणि फाइलीच्या तपशिलात दोन्हीकडे नोंदवावे; आणि त्यानंतर भिंग, दिवा नि चार हजार बिंदू यांचा विचार करावा.

साशंक : अनुक्रम मान्य. त्या कामचलाऊ चित्रांत चौकट ठेवण्याचे आपण कबूल केलेत, तेही जमेस धरतो. फक्त पाठची बाजूही घ्या, कारण पुष्कळांनी पाठीवर लिहिले आहे. दोन बाबतींत मात्र माझी कैफियत कायम राहील. पहिली रंगांची. सावरलेली प्रत निराळी ठेवू, असे आपण म्हणता. पण पुढच्या पिढीत चलन सावरलेल्या प्रतीचेच राहील आणि जशी-तशी फाइल कोणी उघडणार नाही, कारण सुंदर दिसणाऱ्या पाठाने खऱ्या पाठाला मागे सारणे, हे ग्रंथांच्या बाबतीतही शतकानुशतके झाले आहे. दुसरी बाब अस्सलाची. नक्कल झाली की 'आता ही अडगळ कशाला' हा प्रश्न घरात निघतोच. हजार स्लाइड चौकटींसह एका लहान ट्रंकेच्या कोपऱ्यात मावतात. बिऱ्हाड दोन खोल्यांचे आहे ही सबब येथे टिकत नाही. पीव्हीसीच्या पिशव्या टाळाव्यात, कारण त्यांतले मृदुकारी द्रव्य फिल्मवर उतरते. पॉलिप्रॉपिलीनचे पाकीट, सिलिका जेलची पुडी, आणि बाहेरच्या भिंतीला न टेकलेले कपाट, एवढे पुरे होते. एवढेही करावयाचे नसेल, तर मग नक्कल जतनासाठी झाली नव्हती, ती टाकून देण्याच्या परवान्यासाठी झाली होती.

उत्साही : आंबूस वास सुटलेली, बुरशीने खाल्लेली, शेजारच्या फिल्मलाही बाधा करणारी पेटीसुद्धा ठेवावी, हे मी मानणार नाही; अस्सल मेल्यावर त्याचा मृतदेह सांभाळणे ही भक्ती असेल, जतन नव्हे. आणि रंग सावरण्याविषयी म्हणाल, तर आईची निळी साडी तांबडी पडलेली मुलाला दिसते आणि ती निळी होती हे त्याला नक्की आठवते, तेव्हा ती निळी करण्याचा त्याचा हक्क मी काढून घेऊ शकत नाही. ती नेमकी कोणती निळी, हे मात्र ना त्याची आठवण सांगू शकते ना माझे यंत्र, हेही कबूल करतो. तेव्हा या दोन कलमांवर आपली सहमती नाही, असेच नोंदवून ठेवू.

साशंक : नोंदवू. परंतु ज्या कलमावर सहमती झाली ते वाद संपण्याची वाट पाहत थांबण्याजोगे नाही, म्हणून ते वाचकांपुढे ठेवतो. ज्यांच्या घरी अशी पेटी आहे त्यांनी स्कॅनरची किंमत विचारण्याच्या आधी कागदावर दोन-चार नावे लिहावीत: या चित्रांतली माणसे ओळखणारे आज हयात कोण आहेत, आणि ते कोणत्या गावी राहतात. मग पेटी घेऊन त्यांच्याकडे जावे, आणि हे याच महिन्यात करावे.